अकस्मात मृत्यूची नोंद आणि प्रतिबंधाची वाट

अमली पदार्थाच्या, औषधाच्या किंवा विषारी दारूच्या मात्रेने वर्षभरात किती माणसे दगावली, या साध्या प्रश्नाचे नेमके उत्तर तालुक्याच्या पातळीवर एका जागी मिळणे महाराष्ट्रात अवघड आहे, आणि पुणे जिल्ह्याच्या नैऋत्येला सह्याद्रीच्या कुशीत वसलेले भोर व वेल्हे हे तालुकेही त्याला अपवाद नाहीत. अशा प्रत्येक मृत्यूमागे कागदांची मोठी चळत तयार होते; रुग्णालय, पोलीस ठाणे, ग्रामपंचायत आणि न्यायसहायक प्रयोगशाळा असे चौघे आपापल्या परीने लिहितात. मात्र हे लेखन घातपात झाला का, वारसाला दाखला द्यायचा का, विम्याचा दावा टिकतो का, अशा मागे वळून पाहणाऱ्या प्रश्नांसाठी असते. पुढचा माणूस कसा वाचेल, हा प्रश्न मनात ठेवून हेच कागद एकत्र, नियमितपणे आणि वेळेवर वाचणे यालाच सार्वजनिक आरोग्याच्या भाषेत मृत्यू-सर्वेक्षण म्हणतात.

सर्वेक्षण या शब्दाने घरोघर फिरून एकदाच केलेली पाहणी डोळ्यांसमोर येते, पण आरोग्यशास्त्रात त्याचा अर्थ सतत चालणारी प्रक्रिया असा आहे. माहिती गोळा करणे, तिची छाननी करणे, तिच्यातील बदल ओळखणे आणि ज्यांनी कृती करायची त्यांच्यापर्यंत ती पोहोचवणे या चार पायऱ्यांपैकी शेवटची गळली, तर उरतो तो केवळ अहवाल. हिवताप, डेंग्यू, कॉलरा यांच्यासाठी देशात २००४ पासून एकात्मिक रोगसर्वेक्षण कार्यक्रम चालू आहे. विषबाधा व ओव्हरडोस यांनी होणाऱ्या मृत्यूंना मात्र तशी चौकट लाभलेली नाही.

एका मृत्यूचे चार कागद

२०११ च्या जनगणनेत भोर तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार, तर वेल्ह्याची जेमतेम साडेचोपन्न हजार होती. राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये वेल्ह्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला, पण बोलण्यात जुने नाव अजून रुळलेलेच आहे. हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे या परिसरातील वाड्या-वस्त्या डोंगर, धरणांचे जलाशय आणि पावसाळ्यात खचणारे रस्ते यांनी एकमेकींपासून तुटलेल्या आहेत, तर दुसऱ्या अंगाला नसरापूर आणि किकवी ही भोर तालुक्यातील गावे पुणे-सातारा महामार्गालगत आहेत. विषबाधेचा रुग्ण कोणत्या अंगाला राहतो, यावर तो किती वेळात उपचारापर्यंत पोहोचतो हे ठरते, आणि पुष्कळदा त्याच्या मृत्यूची नोंद कोठे होते हेही ठरते.

विषबाधेचा संशय असलेला रुग्ण सरकारी रुग्णालयात आला की डॉक्टर ती ‘एमएलसी’, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर बाब, म्हणून नोंदवतात आणि पोलिसांना कळवतात. रुग्ण दगावल्यास पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे, जे १ जुलै २०२४ पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४ होते, पंचांसमक्ष मरणोत्तर पंचनामा केला जातो. त्यानंतर शवविच्छेदन होते. विष नेमके कोणते हे उघड्या डोळ्यांनी सांगता येत नसल्याने जठर, यकृत, मूत्रपिंड यांचे तुकडे व रक्त, म्हणजे व्हिसेरा, रासायनिक तपासणीसाठी पाठवला जातो आणि अहवालावर ‘कारण राखून ठेवले’ असा शेरा पडतो. प्रयोगशाळेचे उत्तर येते ते पोलिसांकडे, बहुधा बऱ्याच काळाने. तोवर जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ ने ठरवलेली २१ दिवसांची मुदत संपलेली असते, मृत्यूचा दाखलाही घरच्यांच्या हाती पडलेला असतो, आणि उशिरा ठरलेले कारण नोंदवहीतल्या त्या जुन्या ओळीपर्यंत परत पोहोचेलच अशी खात्री देणारी साखळी कमकुवत आहे.

याच अधिनियमातील आणखी एक तरतूद सर्वेक्षणाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे: मृत्यू जेथे घडला तेथे त्याची नोंद होते, मृत व्यक्ती जेथे राहत होती तेथे नव्हे. वेल्ह्याच्या एखाद्या वाडीतील अत्यवस्थ तरुणाला १०८ च्या रुग्णवाहिकेने पुण्याला ससून सर्वसाधारण रुग्णालयात नेले आणि तेथे त्याचा अंत झाला, तर तो मृत्यू पुणे शहराच्या नोंदीत जमा होतो. गावी दगावलेल्याचा मात्र ग्रामपंचायतीच्या. याचा परिणाम असा, की तालुक्यातील वाहतूक व्यवस्था जितकी सुधारेल तितके तालुक्याच्या दप्तरातील विषबाधेचे मृत्यू कमी दिसू लागतील, आणि धोका तेवढाच असूनही तो घटल्याचा भास होईल. नोंदीच्या नमुन्यात मृताच्या कायम निवासाचा रकाना असतो. त्या रकान्यानुसार नोंदी छाटून मूळ तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला कळवणे हा या दोषावरचा सरळ उपाय आहे.

कारणाच्या रकान्यात काय लिहायचे

रुग्णालयात झालेल्या मृत्यूसाठी डॉक्टर नमुना क्रमांक ४ भरतात. त्याच्या पहिल्या भागात एकाखाली एक ओळी असतात: वरच्या ओळीत तात्कालिक कारण, तिच्याखाली ते ज्यामुळे उद्भवले ते कारण, आणि सर्वांत खाली या साखळीची सुरुवात करणारे मूळ कारण. पुढे मृत्यू नैसर्गिक, अपघाती, आत्महत्या, मनुष्यवध की चौकशी प्रलंबित, हे नमूद करायचे असते आणि इजा कशी झाली हेही लिहायचे असते. वरच्या ओळीत ‘हृदयक्रिया व श्वसन बंद’ एवढेच लिहून खालच्या ओळी मोकळ्या सोडल्या, तर कायद्याने कागद पूर्ण झाल्यासारखा दिसतो, पण प्रतिबंधासाठी तो निरुपयोगी ठरतो, कारण प्रत्येक मरणाऱ्याचे हृदय शेवटी थांबतेच. याउलट वर ‘श्वसन मंदावणे’, त्याखाली ‘अफूजन्य पदार्थ व मद्य यांचा एकत्रित परिणाम’ असे लिहिले, तर त्या एका ओळीतून आरोग्ययंत्रणेला पदार्थ, त्याचे मिश्रण आणि मृत्यूची रीत या तिन्ही गोष्टी कळतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत अपघाती विषबाधा, हेतुपुरस्सर स्वतःला केलेली विषबाधा आणि हेतू अनिश्चित असलेली विषबाधा यांना वेगवेगळे संकेतांक आहेत, आणि प्रत्येक गटात अमली पदार्थ, झोपेची औषधे, मद्य, कीटकनाशके असे पोटभेदही आहेत. ही चौकट वापरायची तर मुळात वैद्यकीय कारण लिहिलेले हवे. देशात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी चौथा हिस्साही वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित नसतो. या उणिवेचा परिणाम राष्ट्रीय आकड्यांत उघड दिसतो. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात २ कोटी २६ लाख लोक अफूजन्य पदार्थ वापरत होते, तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत ओव्हरडोसने झालेल्या मृत्यूंची संख्या अलीकडे साधारण ५०० ते ७५० यांच्या दरम्यान राहिली आहे. वापर आणि मृत्यू यांच्यातील हे प्रमाण इतके व्यस्त आहे, की पदार्थ निरुपद्रवी आहेत असे मानण्यापेक्षा मृत्यू अन्य कारणांच्या नावाखाली नोंदले जात आहेत असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

ओव्हरडोसची अनेक रूपे

ओव्हरडोस म्हणजे शरीर सहन करू शकणार नाही एवढी मात्रा. पण ती मात्रा पदार्थागणिक, माणसागणिक आणि सवयीगणिक बदलते. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात ‘गर्द’ या नावाने पसरलेल्या हेरॉइनच्या व्यसनाने तरुण पिढी पोखरली जात असताना अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभारले. गर्द हा अफूजन्य पदार्थ मेंदूतील श्वसनकेंद्राला मंद करतो, माणूस गाढ झोपल्यासारखा दिसतो आणि श्वास थांबतो. त्यावर नॅलोक्सोन हे उतारा-औषध वेळेत दिल्यास श्वास परत येतो. व्यसनमुक्तीच्या उपचारानंतर किंवा तुरुंगवासानंतर शरीराची सहनशक्ती उतरलेली असल्याने जुनीच मात्रा घेणाऱ्याला धोका सर्वाधिक असतो, ही गोष्टही मृत्यूंच्या नोंदींचा अभ्यास झाल्यामुळेच स्पष्ट झाली.

आजचे पदार्थ वेगळे आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतून मेफेड्रोनचा, म्हणजे बोलीतल्या ‘एमडी’चा, प्रचंड साठा पकडला, तेव्हा हा प्रश्न शहरापुरता उरलेला नाही हे जिल्ह्याला कळून चुकले. एमडी उत्तेजक असल्याने त्यात हृदयाची लय बिघडते व शरीराचे तापमान धोकादायक पातळीवर जाते. तेथे नॅलोक्सोनचा उपयोग नाही. विषारी दारूत मिसळलेले मिथेनॉल आधी दृष्टी आणि मग जीव घेते. मुंबईतील मालवणी येथे जून २०१५ मध्ये त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. शेतीप्रधान भागात या यादीत कीटकनाशकेही येतात. नोंदवहीत या सर्वांपुढे ‘विषबाधा’ हा एकच शब्द लिहिला गेला, तर कोणते औषध कोणत्या रुग्णालयात साठवायचे आणि कोणत्या दुकानावर नजर ठेवायची, यांपैकी कशाचाच निर्णय करता येत नाही.

नोंदीने वाचलेले जीव

भोरहून वरंधा घाट उतरले की महाड तालुका लागतो. तेथील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांची लक्षणे तासागणिक टिपून ठेवली, मृत्यू हृदयावरील ताणामुळे व फुप्फुसांत पाणी साचल्यामुळे होतात हे दाखवले आणि प्राझोसिन या रक्तदाबावरील औषधाचा वापर रूढ केला. गंभीर दंशात पूर्वी ४० टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण त्यामुळे एक टक्क्याच्या आसपास उतरले. विंचवाचे विष आणि अमली पदार्थ यांत फरक असला, तरी मृत्यू कसा आला हे नेमके लिहिल्याशिवाय उपाय सापडत नाही, हा त्यातील धडा दोहोंना लागू पडतो.

१९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या भेसळयुक्त ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाची चौकशी झाली. त्यात सापडलेले डायएथिलीन ग्लायकॉल हेच विष २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातून मुलांच्या पोटात गेले. त्यांपैकी अनेक मुलांना उपचारासाठी नागपूरला आणले गेले होते, म्हणजे आजार एका राज्यात, मृत्यू दुसऱ्या राज्यात आणि औषधाचे उत्पादन तिसऱ्या, तमिळनाडू राज्यात अशी स्थिती होती. एकेक मृत्यू वेगळा पाहिला तर तो मूत्रपिंडाचा आजार भासतो. एकाच परिसरातील मुले एकाच तक्रारीने येत आहेत हे निवासाच्या रकान्यासह पाहिले, तरच साखळी दिसते.

परदेशांतील अनुभवही याच दिशेचा आहे. श्रीलंकेने रुग्णालयातील नोंदींवरून सर्वाधिक प्राणघातक कीटकनाशके ओळखून १९९५ पासून टप्प्याटप्प्याने त्यांवर बंदी घातली आणि पुढील दोन दशकांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटले. अमेरिकेत २०२२ मध्ये ओव्हरडोसने १ लाख ७ हजारांहून अधिक लोक दगावले. तेथील रोगनियंत्रण केंद्राने २०१६ पासून उभारलेल्या व्यवस्थेत मृत्यूचा दाखला, शवविच्छेदन व घटनास्थळाचा अहवाल आणि विषतपासणी हे तीन कागद एका नोंदीत जोडले जातात. अशा नोंदींतून कळले, की अनेक मृत्यूंच्या वेळी जवळपास कोणीतरी हजर होते. नॅलोक्सोन केवळ रुग्णालयांत न ठेवता कुटुंबीयांच्या व मित्रांच्या हाती देण्याच्या धोरणाला या माहितीने बळ दिले.

तालुक्याच्या आवाक्यातले काम

भोर-वेल्ह्यासाठी अशी व्यवस्था नव्याने शोधावी लागणार नाही, कारण तिचा नमुना आरोग्य खात्याच्या अंगवळणी पडलेला आहे. प्रत्येक मातामृत्यूचे अन्वेषण करून उशीर घरी निर्णय घेण्यात झाला, वाटेत झाला की रुग्णालयात झाला, हे आज तपासले जाते. त्याच धर्तीवर तालुका आरोग्य अधिकारी, सरकारी रुग्णालयांतील शवविच्छेदन करणारे डॉक्टर, पोलीस ठाण्यांचे प्रतिनिधी आणि ग्रामपंचायतींचे निबंधक यांनी ठरावीक कालावधीने बसून विषबाधेच्या मृत्यूंच्या नोंदी जुळवल्या, पुण्यात दगावलेल्या रहिवाशांची यादी मागवली आणि रासायनिक अहवाल आल्यावर कारणाचा रकाना दुरुस्त केला, तर सध्याच्याच कागदांतून उपयोगी चित्र उभे राहील. जे रुग्णालयात न जाता घरीच गेले, त्यांच्यासाठी ‘मौखिक शवचिकित्सा’ ही पद्धत आहे: प्रशिक्षित कार्यकर्ता नातेवाइकांना ठरावीक प्रश्न विचारतो आणि उत्तरांवरून डॉक्टर संभाव्य कारण ठरवतात. पुणे जिल्ह्यातच शिरूर तालुक्यातील वढू परिसरात केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने २००२ पासून चालवलेल्या आरोग्य व लोकसंख्या सर्वेक्षणात ही पद्धत वापरली गेली आहे.

यात दोन पथ्ये पाळावी लागतात. वेल्ह्याएवढ्या लहान तालुक्यात वर्षाला दोनाचे चार मृत्यू झाले तर शंभर टक्के वाढ दिसते, पण ती योगायोगानेही घडू शकते. म्हणून आकडे अनेक वर्षांचे व शेजारच्या तालुक्यांसह पाहावेत आणि एकाच पदार्थाने थोड्या दिवसांत लागोपाठ घडलेल्या घटना मात्र ताबडतोब तपासाव्यात. दुसरे पथ्य गोपनीयतेचे: शंभर उंबऱ्यांच्या गावात वय आणि महिना सांगितला तरी माणूस ओळखला जातो, म्हणून जाहीर होणाऱ्या माहितीत गावाचे नाव असू नये. घरच्यांना बदनामीची आणि चौकीची धास्ती असते, तोवर ते खरे सांगत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र तणावाखाली असल्याचे गृहीत धरून संरक्षण दिले आहे आणि अमली पदार्थविरोधी कायद्यातही स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीसाठी सवलत आहे, हे आशा कार्यकर्तीपासून पोलीस पाटलापर्यंत सर्वांना ठाऊक असले पाहिजे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ या राष्ट्रीय दूरध्वनी सेवा उपलब्ध आहेत.

असे सर्वेक्षण सुरू झाले की पहिल्या वर्षी मृत्यूंचा आकडा वाढलेला दिसेल, आणि नेमक्या याच टप्प्यावर ते मोडण्याची शक्यता सर्वाधिक असते. महाराष्ट्रातील स्वयंसेवी संस्थांनी २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ या अहवालातून बालमृत्यू सरकारी नोंदीपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे दाखवले, तेव्हा तो आकडा अनेकांना बोचला, पण त्यानंतरच शासनाला तज्ज्ञ समिती नेमावी लागली. भोर किंवा वेल्ह्याच्या अधिकाऱ्याने प्रथमच खरा आकडा वर पाठवला आणि त्याच्याकडून खुलासा मागवला गेला, तर पुढच्या वर्षी तो आकडा पुन्हा ‘हृदयक्रिया बंद’ या रकान्यात विरून जाईल. म्हणून अधिक मृत्यू नोंदवणाऱ्या तालुक्याला पहिली तीन वर्षे जाब न विचारता उतारा-औषधे, तपासणीची साधने आणि समुपदेशक द्यावेत, हा नियम सर्वेक्षणाच्या पहिल्याच आदेशात लिहिला गेला पाहिजे.