कंबरदुखीच्या रकान्यात

नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली आणि जमशेटजी टाटांना मोठा ताप दिला तो गैरहजेरीने. माणसं कामावर टिकावीत म्हणून १८८६ साली पेन्शन फंड, १८९५ साली अपघात भरपाई, १९०१ साली भविष्य निर्वाह निधी सुरू झाला. भरपाईचा कायदा देशात आला १९२३ साली. मालकाच्या मनात चांगुलपणा होताच, पण साच्यांना हात लागत होते, हेही तितकंच खरं. तुटलेल्या बोटाची किंमत ठरली, उडालेल्या झोपेची नाही.

त्या कायद्याला व्यवसायजन्य आजारांची यादी जोडलेली होती. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस, सुटीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती आवळणारा, तिच्यात होता. नैराश्य नव्हतं. रजेसाठी दवाखान्यात जायचं तर दुखणं दाखवता आलं पाहिजे. कंबर दाखवता येते. ‘कामात मन लागून नाही राहिलं’ हे डॉक्टरांना कसं दाखवणार? मनोरुग्णालय शहरात १८६४ पासून आहे, पण लोकांच्या तोंडी तिथला चौक म्हणजे ‘पागलखाना चौक’. तिथं उतरताना शेजाऱ्याने पाहिलं तर मुलीचं लग्न अडायचं.

तरी कंबरदुखीला बहाणा म्हणू नये. नैराश्य अनेकदा पाठ, मान, डोकं दुखण्यातूनच बोलतं. जुनाट दुखणं झोप मोडतं आणि मोडलेल्या झोपेने तेच दुखणं अधिक ठणकतं. नैराश्यावरचं अ‍ॅमिट्रिप्टिलिन कमी मात्रेत मज्जातंतूंच्या वेदनेवरही देतात, ते उगाच नाही.

१९८६ साली मिल सरकारकडे गेली, २००२ साली बंद पडली. त्या जागेवर आता मॉल आहे. पगार थांबला तरी कंबर दुखायची थांबत नाही, उलट दुखण्याकडे बघायला अख्खा दिवस मोकळा मिळतो. गिरणीबाहेरही तेच. २०२१-२२ च्या एसटी संपात कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येत राहिल्या. चर्चा झाली ती विलीनीकरणाची आणि पगाराची. चालकाच्या मणक्याबद्दल, रात्रवस्तीच्या झोपेबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

आता नागपूरच्याच मिहान या नव्या औद्योगिक क्षेत्रात खुर्ची गादीची आहे आणि मान संगणकापुढे वाकलेली. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या आजार-वर्गीकरणाला मान्यता मिळाली. त्यात जुनाट वेदनेला स्वतंत्र जागा आहे. ‘बर्नआउट’चीही नोंद आहे, पण कामाशी निगडित स्थिती म्हणून, आजार म्हणून नव्हे.