शिपायाच्या कागदावरील आजींचे नाव

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध शिपायाचे भोपाळहून पत्र आले. हे गृहस्थ मूळचे अहिल्यानगर जिल्ह्यातील. अलीकडे आजींसह लेकीकडे राहावयास गेले आहेत. पत्र चार ओळींचे होते. सरकारी कागदावर आपल्या मंडळीचे नाव चुकीचे लागले आहे, तरी तिच्या बाप्तिस्म्याचा व उभयतांच्या लग्नाचा उतारा कृपा करून पाठवावा, एवढाच मजकूर. शेवटी मात्र त्यांनी लिहिले होते, "फादर, लवकर करावे. माझी रजा केव्हा मंजूर होईल ते सांगता येत नाही."

आम्हांस एका सभेनिमित्त भोपाळला जावयाचेच होते. तेव्हा उतारे टपालाने न धाडता पिशवीत घातले आणि झेलम एक्स्प्रेसने निघालो. पुण्याहून जम्मूकडे जाणाऱ्या या गाडीने आपल्याकडील किती शिपाई रजेवर आले आणि किती परत गेले असतील, याची गणती कोणी करावी! 

भोपाळातील शिवाजी नगर हा भाग सरकारी क्वार्टरांचा. 1956 च्या नोव्हेंबरात नवे मध्य प्रदेश राज्य झाले व नागपूरची राजधानी भोपाळला गेली, तेव्हा नागपुराकडील पुष्कळ मराठी कारकून मंडळी संसार गुंडाळून या शहरी आली. म्हणूनच आजही तेथे रस्त्यात मराठी बोल कानी पडला तर नवल वाटत नाही. सहा नंबरच्या स्टॉपवर आम्ही उतरलो तो बाबा छत्री घेऊन उभेच. पाठीचा कणा अजून ताठ. आम्हांस पाहून त्यांनी आधी सलाम ठोकला व मग "येशूची स्तुती असो" म्हटले.

घरी गेल्यावर त्यांनी पत्र्याची पेटी उघडली. वाचकांपैकी ज्यांच्या घरी फौजेतला माणूस आहे त्यांना ही पेटी ठाऊकच असेल. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा हुकूम म्हणजे पी.पी.ओ., बँकेची जुनी पासबुके, एक पदक, दोन पिवळी पडलेली छायाचित्रे. बाबांची हकिगत अशी. 1962 च्या चीनच्या युद्धानंतर फौज वाढू लागली, त्या भरतीत ते 1963 साली शिपाई झाले. त्या काळी पुष्कळ शिपायांची बोली सात वर्षे प्रत्यक्ष नोकरीची, जिला ते कलर सर्व्हिस म्हणतात, आणि पुढील आठ वर्षे राखीव दलाची असे. राखीव शिपायाने घरी शेती करावी, लेकरे वाढवावी, आणि हाक आली की बिस्तरा बांधून हजर व्हावे. बाबा 1970 साली घरी आले आणि 1971 साली हाक आली. पेरलेली ज्वारी आजींच्या स्वाधीन करून ते गेले. 1978 साली राखीव दलातूनही त्यांची मुक्तता झाली.

अशा शिपायाच्या पेन्शनचा नियमही जरा वेगळा आहे, आणि तो आपल्या गावांतून फार थोड्यांना माहीत आहे. साध्या शिपायाला पेन्शनसाठी पंधरा वर्षांची प्रत्यक्ष नोकरी लागते. राखीव शिपायाची मात्र नोकरी व राखीव काळ मिळून पंधरा वर्षे भरली तर त्यास राखीव निवृत्तिवेतन देता येत असे. लष्कराच्या 1961 च्या निवृत्तिवेतन नियमावलीत त्याचा दर होता महिना दहा रुपये पन्नास पैसे. अथवा त्याऐवजी आठशे रुपये एकरकमी. ज्याने आठशे घेतले त्याचा पेन्शनचा हक्क तेथेच संपला.

आठशे रुपये ही त्या वेळी लहान रक्कम नव्हती. बाबांना विहीर खोल करावयाची होती व त्यांचे मन रोख रकमेकडे झुकले होते. आजींनी अडविले. "आठशे रुपये विहिरीत जातील, पाणी लागेल न लागेल. साडेदहा रुपये दर महिन्याला दारात येतील." बाबांनी बायकोचे ऐकले. पुढे ते साडेदहा वाढत गेले. 1986 पासून तर राखीव निवृत्तिवेतन शिपायाच्या किमान पेन्शनच्या दोन तृतीयांश असे ठरले. 2014 च्या जुलैपासून लागू झालेल्या 'एक पद, एक निवृत्तिवेतन' योजनेच्या आदेशांतून राखीववाले वगळले गेले, ही गोष्ट बाबांच्या मनाला लागून आहे. असो. तो वाद वेगळा. सांगावयाचे ते हे की या घरात जे पेन्शन आज येते ते आजींच्या शहाणपणाने येते. आणि कागदावर नाव चुकले होते ते नेमके आजींचेच.

चूक कशी झाली? लग्न 1968 साली, बाबा रजेवर असताना झाले. रजा संपवून ते पलटणीत परतले व कारकुनापुढे उभे राहिले. शिपायाचे लग्न, मुलाचा जन्म, बढती, बदली यांची नोंद पलटण एका हुकुमाने प्रसिद्ध करते. त्यास पार्ट टू ऑर्डर म्हणतात, व तीच पुढे अभिलेख कार्यालयातील त्याच्या सेवापत्रात उतरते. कारकुनाने विचारले, "बीवी का नाम?" बाबांनी घरात जे नाव चालत होते ते सांगितले. बाप्तिस्म्याचे नाव त्या क्षणी त्यांच्या जिभेवर आलेच नाही. आपल्या मंडळींत हे किती घरी असेल! मंदिरात एक नाव, शाळेत दुसरे, शेजारी हाक मारतात ते तिसरे. पुढे आधार कार्ड निघाले ते बाप्तिस्म्याच्या नावाने. पन्नास वर्षे या दोन नावांची गाठ पडली नाही, म्हणून कोणाच्या ध्यानात आले नाही.

गाठ पडली ती अलीकडे. पूर्वी शिपायाचे पेन्शन बँका वा कोषागारे वाटीत. 2021 पासून केंद्र सरकारने 'स्पर्श' नावाची संगणकी व्यवस्था सुरू केली. तिच्यात प्रयागराज येथील संरक्षण लेखा कार्यालयाकडून पेन्शन थेट खात्यावर जमा होते. संरक्षण खात्याचे निवृत्तिवेतनधारक तीस लाखांच्या घरात आहेत. इतक्यांचे जुने, हस्तलिखित, वाळवी लागलेले कागद एका नव्या यंत्रात ओतावयाचे म्हटल्यावर कोठे अक्षर सांडणार, कोठे तारीख उलटी पडणार, हे ओघानेच आले. पण बाबांच्या बाबतीत यंत्राची चूक नव्हती. यंत्राने जुनी चूक फक्त उजेडात आणली. जावईबापूंनी त्यांची माहिती उघडून पाहिली तेव्हा पत्नीच्या रकान्यात घरचे नाव होते, जन्मतारखेचा रकाना रिकामा होता, आणि आधार कार्डाशी काहीच जुळत नव्हते.

"मी आहे तोवर काही अडत नाही," बाबा म्हणाले. "मी गेल्यावर ही कोणत्या नावाने पेन्शन मागणार? सरकार म्हणेल, शिपायाची बायको दुसरीच कोणी होती."

बाबांचे हे म्हणणे अगदी बरोबर आहे. नवऱ्यामागे पत्नीला कुटुंब-निवृत्तिवेतन मिळते ते तिची ओळख कागदाशी जुळली तर. शिपाई हयात असेल तर त्याची स्वतःची सही, त्याचे पत्नीसोबतचे छायाचित्र, त्याचे प्रतिज्ञापत्र पुढे ठेवता येते. माझी बायको हीच, हे सांगावयास तो स्वतः उभा असतो. तो गेल्यावर तेच सिद्ध करण्यासाठी विधवेला दारोदार फिरावे लागते. रिकाम्या जन्मतारखेचेही असेच. निवृत्तिवेतनधारकाची वा कुटुंब-निवृत्तिवेतन घेणाऱ्या विधवेची ऐंशी वर्षे पूर्ण झाली की वीस टक्के जादा मिळते, पंच्याऐंशीला तीस, नव्वदला चाळीस, पंच्याण्णवला पन्नास, आणि शंभरीला मूळ पेन्शनइतके. जन्मतारीखच नसेल तर ऐंशी केव्हा भरली हे कोण सांगणार?

बाबा आधी सहा महिने बँकेत खेटे घालीत होते. हा आपल्याकडील नेहमीचा घोटाळा. बँकेला नाव बदलण्याचा अधिकारच नाही. शिपायाचे मूळ कागद त्याच्या पलटणीच्या वा दलाच्या अभिलेख कार्यालयात असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावी, महार रेजिमेंटचे सागरला, सिग्नल दलाचे जबलपूरला, तोफखान्याचे नाशिक रोडला. तेथे नोंद दुरुस्त व्हावी लागते. त्यांनी कळविल्यावर प्रयागराजचे कार्यालय सुधारित पी.पी.ओ. काढते. अर्जासोबत डिस्चार्ज बुक व पी.पी.ओ. यांच्या प्रती, दोघांची आधार कार्डे, दोघांचे एकत्र छायाचित्र, लग्नाचा पुरावा, आणि दोन्ही नावांची स्त्री एकच असे प्रतिज्ञापत्र जोडावे. अर्ज कसा लिहावा हे सांगावयास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असते व तेथे दलालाला पैसे मोजण्याचे काहीच कारण नाही. उशीर मात्र करू नये. ज्यांना पेन्शन नाही अशा शिपायांची सेवापत्रे पंचवीस वर्षांनंतर नष्ट केली जातात. लाँग रोल नावाच्या मोठ्या वहीतील नोंद तेवढी राहते.

आता आमच्या चुकीकडे येऊ. आम्ही मोठ्या ऐटीत पिशवीतून उतारे काढले. जावईबापूंनी ते वाचले, आणि त्यांचा चेहरा पडला. दोन्ही उताऱ्यांवर बाप्तिस्म्याचेच नाव होते. आधार कार्डाशी ते जुळत होते खरे. पण लष्कराच्या कागदावरील नाव कोठेच नव्हते. मग दोन्ही नावे एकाच बाईची, हे या उताऱ्याने कसे ठरावे?

जावईबापू मनुष्य सज्जन, स्वतः सरकारी नोकर. ते हळूच म्हणाले, "फादर, शिक्का आपल्याकडे आहेच. लग्नाच्या उताऱ्यावर दोन नावांमध्ये 'ऊर्फ' हा एक शब्द घातला तर कोणाचे नुकसान आहे? खोटे तर काहीच नाही."

खोटे काहीच नव्हते, हीच अडचण होती. आजी समोर बसल्या होत्या, बाबा समोर होते, दोन्ही नावे त्यांचीच हे आम्ही लहान मुलाच्या खात्रीने जाणत होतो. हात लिहावयास शिवशिवला, हे कबूल करतो. पण उतारा म्हणजे वहीत जे आहे त्याची नक्कल. वहीत नाही ते उताऱ्यात घातले तर पुढे धर्मग्रामाच्या कोणत्याच उताऱ्यावर कोणी का विश्वास ठेवावा? आम्ही नाही म्हटले. क्षणभर कोणी बोलेना. आजी उठून चहा ठेवावयास गेल्या. आम्हांस फार वाईट वाटले, आणि रागही आला, तो बहुधा स्वतःचाच.

रात्री झोप लागेना. उतारे आम्ही घाईत छापील नमुन्यावर भरून आणले होते. नमुन्यात जेवढे रकाने, तेवढेच पाहिले होते. वहीचा समास पाहिला होता काय? सकाळी गावी फोन लावला. आमच्या कॅटेकिस्ट मास्तरांना 1968 ची लग्नाची वही काढावयास सांगितले व म्हटले, "रकाने सोडा. कडेला काय लिहिले आहे ते वाचा." मास्तर बराच वेळ पाने उलटीत राहिले. मग वाचू लागले. आमच्या आधीच्या आधीचे धर्मगुरू, ज्यांना आम्ही पाहिलेलेही नाही, त्यांनी बारीक अक्षरात नोंद केली होती: वधूस घरी अमुक नावाने हाक मारतात, वर सैन्यात शिपाई, रजा संपवून जाणार.

आम्ही मास्तरांना ती ओळ तीन वेळा वाचावयास लावली. त्या धर्मगुरूंनी हे का लिहून ठेवले असेल? कदाचित त्या गावात एकाच नावाच्या दोन नवऱ्या असतील. कदाचित फौजेतल्या माणसाचे काही बरेवाईट झाले तर, असा विचार त्यांच्या मनात आला असेल. गावी परतताच समासातील नोंदीसकट नवा उतारा करून आम्ही रजिस्टरने पाठविला, आणि बाप्तिस्म्याच्या वहीवरून आजींची जन्मतारीखही दिली.

राखीव शिपायांचे भांडण एकट्या बाबांचे नाही. नौदलात दहा वर्षे नोकरी व दहा वर्षे राखीव, अशा बोलीने घेतलेल्या पुष्कळ नावाड्यांना 3 जुलै 1976 च्या निर्णयाने राखीव दलात घेणेच बंद झाले. पेन्शनसाठी ते झगडले. 27 ऑक्टोबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की राखीव निवृत्तिवेतनाचा हक्क त्यांना पोचत नाही, पण विशेष निवृत्तिवेतन द्यावे. त्यातील किती जण तोवर हयात होते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. त्या मानाने बाबांचे काम लहान.

लहान असूनही सात महिने लागले. एकदा अर्ज परत आला, कारण छायाचित्रावर साक्षांकन नव्हते. दुसऱ्यांदा डिस्चार्ज बुकाची प्रत अस्पष्ट म्हणून. बाबा दर वेळी नवी प्रत जोडून, वर आपला सेवाक्रमांक ठळक लिहून, न चिडता पाठवीत. फौजेत वाट पाहणे शिकवतात, असे ते म्हणाले.

या उन्हाळ्यात सुधारित पी.पी.ओ. आला. बाबांनी त्याची प्रत आम्हांस पाठविली आहे. आजींचे दोन्ही नावांनी स्पष्ट उल्लेख, जन्मतारीख बरोबर. सोबतच्या पत्रात बाबा लिहितात की गावाच्या नावात मात्र या वेळी एक मात्रा चुकली आहे. जावईबापू पुन्हा अर्ज करू म्हणत होते. आजींनी अडविले. त्या म्हणाल्या, "राहू द्या. पेन्शन गावाला नाही मिळायचे."