टेंपरेचरचा काटा नाचतोय?

कसारा घाट चढताना माझ्या गाडीचा काटा लाल पट्टीजवळ गेला आणि एकदम खाली आला. हायसं वाटलं, पण खरा धोका तोच होता! कूलंट गळून कमी झालं की सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन तापलेलं असूनही काटा खाली दाखवू शकतो. बॉनेट उघडलं, तर होज पाइपच्या क्लॅम्पखाली हिरवट ओघळ.

ट्रॅफिकमध्ये तापते, हायवेला थंड होते? आधी रेडिएटरचा फॅन, फ्यूज, रिले बघा. हेडलाइट लावताच काटा हलतो? बहुतेक अर्थिंग सैल असतं. थर्मोस्टॅट साधारण 82 ते 90 अंशांना उघडतो. तो बंदच अडकला तर इंजिन उकळतं, रेडिएटर मात्र गार.

आणि कृपया, तापलेल्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. इंजिन पूर्ण गार होऊ द्या.