फोन अचानक बंद पडतो तेव्हा

मागच्या उन्हाळ्यात एके दिवशी भर दुपारी चंद्रपुरातल्या माझ्या छोट्याशा दुकानात एक बाई आल्या. एटापल्ली तालुक्यातल्या एका गावच्या त्या आशा कार्यकर्त्या. पहाटेची एस.टी. धरून आलेल्या. रुमालात गुंडाळलेला फोन काढून म्हणाल्या, ‘‘काकाजी, चाळीस टक्के चार्जिंग दाखवते अन् फोटो काढाले गेलं की बंदच होऊन जाते. दोन दुकानांत दाखवला. बोर्ड गेला म्हणते. नवीनच घ्या म्हणते.’’

फोनची वॉरंटी कधीच संपली होती. नवा घ्यायचा म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या मानधनावर पाणी. आणि हा फोन काही करमणुकीचा नव्हता. लसीकरणाच्या नोंदी त्यात, तापाच्या रुग्णांची यादी त्यात, आणि रात्री-बेरात्री एखाद्या बाळंतिणीसाठी १०८ ला फोन करायचा तोही त्यावरूनच.

मी मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. आमच्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते, रेडिओ बोलत नसेल तर आधी सेल पाहा, मग तार, मग स्विच आणि सर्वांत शेवटी आतले सर्किट. बाहेरून आत जायचे, स्वस्ताकडून महागाकडे जायचे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची. रेडिओ गेला, टेप गेला, मोबाइल आला. पण हा नियम काही बदलला नाही. तो पाळला नाही की ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ अशी गत होते आणि पैसे मात्र आपले जातात.

त्या ताईंच्या फोनचे मी काय केले? चार्जर लावला आणि चार्जर लावलेला असतानाच दहा-बारा फोटो काढले. फोन बंद झाला नाही. मग चार्जर काढला. तिसऱ्या फोटोला फोन बंद! एवढ्याने गुन्हा सिद्ध होत नाही, पण संशयाची सुई बॅटरीकडे वळते.

कारण असे. पडद्यावर दिसणारे टक्के म्हणजे फोनने बांधलेला अंदाज असतो. बॅटरी जुनी झाली की तिच्या आतला विरोध वाढतो. फोन नुसता खिशात असतो तेव्हा त्याला थोडीशी वीज पुरते. पण कॅमेरा आणि फ्लॅश एकदम सुरू झाले की तो एका झटक्यात जास्त वीज मागतो. जुन्या बॅटरीचा दाब त्या क्षणी खाली बसतो आणि फोन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. शेतातला पंप सुरू होताना घरातला दिवा क्षणभर मिणमिणतो ना, तसेच हे. दिवा बिघडलेला नसतो.

या बाबतीत मोठमोठ्या कंपन्यांचीही परीक्षा झाली आहे. २०१६ मध्ये ॲपलचे काही फोन चार्जिंग शिल्लक असतानाच बंद पडू लागले. २०१७ च्या जानेवारीत कंपनीने नवी प्रणाली दिली. तिने जुन्या बॅटरीच्या फोनचा वेग कमी केला, म्हणजे झटक्याची मागणीच कमी व्हावी. पण ही गोष्ट ग्राहकांना नीट सांगितली नव्हती. बोंबाबोंब झाल्यावर त्या वर्षीच्या डिसेंबरात कंपनीने माफी मागितली आणि अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. ‘फोन म्हातारा झाला’ असे म्हणून ज्यांनी तो अडगळीत टाकला असेल, त्यांतल्या कित्येकांना फक्त बॅटरी हवी होती.

आपल्या भागात बॅटरी लवकर का थकते, तेही सांगतो. आयफोन वापरण्यासाठी कंपनीने सांगितलेली हवेच्या तापमानाची मर्यादा ३५ अंशांची आहे. आपल्याकडे मार्चमध्येच पारा तिच्यापुढे जातो. २०१९ च्या मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४८ अंशांच्या घरात गेला होता. मोहफूल वेचताना, तेंदूपत्ता तोडताना फोन खिशात नाहीतर फांदीला टांगलेल्या पिशवीत, उन्हातच. दुसरे कारण जंगलाचे. टॉवर दूर असला की फोन जास्त जोर लावून त्याच्याशी बोलतो आणि रेंज गेली की पुन्हापुन्हा टॉवर शोधत राहतो. त्यात वीजही जाते आणि फोन तापतो. म्हणून रेंज नसलेल्या गावात ‘फ्लाइट मोड’ लावून ठेवावा. फोन फार तापला तर तो चार्जिंग थांबवतो. तो बिघाड नव्हे, ती राखण आहे. अशा वेळी सावलीत ठेवून थंड होऊ द्यावा. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये, आत दव धरते.

आता बाकीची लक्षणे एकेक करून पाहू.

फोन पूर्ण काळा पडला, तर पहिला प्रश्न असा की फोन मेला आहे की फक्त पडदा गेला आहे? दुसऱ्या फोनवरून त्याला फोन लावा. घंटी वाजली किंवा तो थरथरला, तर बोर्ड जिवंत आहे. काहीच झाले नाही, तर चालू करायचे बटण आणि आवाज कमी करायचे बटण दोन्ही पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. बऱ्याच फोनमध्ये अडकलेली प्रणाली एवढ्याने नव्याने सुरू होते. तरीही नाही, तर अर्धा तास चार्जिंगला लावून हात न लावता थांबा. अगदी रिकामी झालेली बॅटरी सुरुवातीला थेंबाथेंबाने भरते आणि तोवर पडद्यावर काहीच दिसत नाही.

चार्जिंग होत नसेल तर आधी वायर बदला, मग चार्जर, मग घरातले बोर्डाचे पॉइंट. तिन्ही एकदम बदलू नका, नाहीतर दोष कशात होता ते कळणारच नाही. मग फोनच्या तोंडात डोकावून पाहा. खिशातले सुताचे तंतू आणि आपल्याकडची कोळशाची बारीक धूळ तिथे दाबून बसते आणि वायर पुरती आत जात नाही. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने हलकेच काढा. टाचणी किंवा सुई घालू नका.

फोन पुन्हापुन्हा आपोआप सुरू-बंद होत असेल, तर आधी त्याचे कव्हर काढा. घट्ट कव्हराने बटण दाबले गेल्याची उदाहरणे मी पुष्कळ पाहिली आहेत. मग जागा किती शिल्लक आहे ते पाहा. त्यानंतर ‘सेफ मोड’मध्ये फोन चालवून बघा. या अवस्थेत आपण बाहेरून घातलेली ॲप बंद असतात. तिथे फोन नीट चालला, तर दोष एखाद्या ॲपचा आहे, यंत्राचा नाही.

रेंज गेली, तर शेजाऱ्याचा त्याच कंपनीचा फोन पाहा. त्यालाही रेंज नसेल तर दोष टॉवरचा. त्याला असेल तर आपले सिम त्याच्या फोनमध्ये आणि त्याचे आपल्या फोनमध्ये घालून पाहा. सिमबरोबर दुखणे गेले तर दोष सिमचा, फोनपाशी राहिले तर फोनचा. *#०६# दाबल्यावर पंधरा आकडी आयएमईआय नंबर आलाच नाही, तर मात्र दुखणे खोलवरचे समजावे.

कॅमेऱ्यातले चित्र एकाएकी थरथरू लागले, तर आठवा, फोन मोटारसायकलच्या हँडलला लावून हिंडत होता का? काही कॅमेऱ्यांत हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारे नाजूक भिंग असते. इंजिनच्या कंपनांनी ते बिघडू शकते, असा इशारा ॲपलनेच २०२१ मध्ये दिला होता.

आता पाण्याची गोष्ट. ही सांगताना माझी मान खाली जाते. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात एक शिक्षक आले. नाला ओलांडताना फोन पाण्यात पडलेला. वरून कोरडा दिसत होता. ते म्हणाले, ‘‘भाऊ, एकदा चार्जिंगला लावून तर पाहा.’’ नियम मला ठाऊक होता, पण गिऱ्हाईक घाईत होते आणि मीही. लावला. पडदा क्षणभर उजळला आणि विझला, तो कायमचा. ओल्या बोर्डात वीज सोडली की तांब्याच्या रेषा जळतात, गंजतात. मी नेमके तेच केले होते. त्या फोनमध्ये त्यांच्या वारलेल्या आईचा आवाज होता. दुसरीकडे कुठेच नव्हता. ते मला काहीही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

म्हणून हात जोडून सांगतो. फोन भिजला की तो तत्काळ बंद करा. सिम काढा, चार्जिंगचे तोंड खाली करून पाणी निथळू द्या आणि हवेशीर जागी ठेवा. चालू होतो का, हे पाहण्याचा मोह टाळा. तांदळात खुपसू नका. त्याची भुकटी आत जाते. ड्रायरची गरम हवाही नको. जमेल तितक्या लवकर उघडून साफ करणाऱ्याकडे न्या. पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट वर्षानुवर्षे बंद होत आली आहे. अशा वेळी दोन-चार दिवस थांबावे लागले, तरी फोन बंदच राहू द्या. गंज तेव्हाही चढतो, पण वीज नसली की सावकाश चढतो.

आणि एक धोका. फोनची पाठ उचलल्यासारखी किंवा फुगल्यासारखी दिसली, तर तिथेच थांबा. बॅटरी फुगली आहे. दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. तिला आग लागू शकते.

एवढे पाहूनही उलगडा झाला नाही, तर दुकानाची पायरी चढा. पण रिकाम्या हाताने नको. एका कागदावर लिहून न्या: काय झाले, कधी झाले, त्याआधी फोन पडला, भिजला किंवा तापला होता का, आणि तुम्ही काय काय बदलून पाहिले. फोन चालू असेल तर फोटो-नोंदींची प्रत आधी काढून घ्या. सिम आणि मेमरी कार्ड घरी ठेवा. बँकेचा पिन कुणालाही सांगू नका. खर्चाचा अंदाज लिहून मागा, काढलेला जुना भाग परत मागा आणि ‘आतली माहिती राहील ना?’ हे काम सुरू होण्याआधी विचारा. बोर्ड गेला म्हणणाऱ्याला शांतपणे विचारा, ‘‘कशावरून?’’ जाणकार माणूस त्याचा राग धरत नाही.

वॉरंटी संपली म्हणजे आपला हक्कही संपला, असे नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरात ‘राइट टू रिपेअर’ हे संकेतस्थळ सुरू केले. त्यावर सहभागी कंपन्यांची दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती मिळते. फसवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

त्या आशाताईंच्या फोनला मी नवी बॅटरी घातली. त्यांनी माझ्यासमोर पंधरा फोटो काढले, फ्लॅश लावून. सोळावा माझा काढला. परतीची एस.टी. सुटायला अजून वेळ होता, म्हणून त्यांना बसवून आधी सगळ्या नोंदींची प्रत मेमरी कार्डावर काढून दिली. आता आलेल्या प्रत्येक फोनचे मी हेच काम पहिले करतो. कशामुळे, ते तुम्हाला सांगितलेच आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)