पूर्व विदर्भातले ढिवर तलावात माशांच्या आधी वनस्पती का लावतात?

मासेमार म्हटलं की आपल्याला कोकणातले कोळीवाडे आठवतात. पण गडचिरोली जिल्ह्यात मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वळते, तिथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे आणि तरीही या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर जगणारा ढिवर समाज राहतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत त्यांचं पोट नदीइतकंच तलावांवर चालतं.

हे तलाव आले कुठून?

गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने शेतीसाठी हे तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांकडे गेले. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. म्हणून त्यांचं नाव माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात ‘मामा तलाव’. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. त्यातली मासेमारी आता बहुतेक ठिकाणी सहकारी संस्थांना ठरावीक मुदतीच्या ठेक्याने दिली जाते.

मग अडचण काय झाली?

उत्पादन वाढावं म्हणून तलावांत रोहू, कटला, मृगळ यांचं बीज सोडायला सुरुवात झाली. हे मासे झपाट्याने वाढतात, पण साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. म्हणजे दरवर्षी बीज विकत घ्यायचं. एखाद्या वर्षी पैसे नसले की पुढच्या हंगामात जाळं रिकामं.

मरळ, मागूर यांसारख्या स्थानिक माशांचं तसं नाही. पहिल्या पावसात ओढ्या-नाल्यांतून चढणीचे मासे वर येतात, काठच्या उथळ पाण्यात गवताच्या आडोशाने अंडी घालतात. पिल्लं तिथेच लपतात, तिथेच खातात. फक्त त्यासाठी काठावर गवत आणि पाण्यात वनस्पती हव्यात. त्याच कमी झाल्या. तलाव गाळाने भरले, काठावर अतिक्रमणं झाली, ‘बेशरम’ या झुडपाने जागा व्यापली. बाहेरून आणलेला गवत्या मासा तर पाणवनस्पतींवरच जगतो.

ढिवरांनी काय केलं?

भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत ढिवरांच्या गटांनी ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ या संस्थेसोबत काही तलाव पुन्हा उभे केले. गोंदिया जिल्ह्यातलं निमगाव हे त्यातलं एक गाव. आधी बेशरम मुळासकट उपटली. उन्हाळ्यात कोरडी पडलेली तलावाची जमीन नांगरली. मग पाण्याच्या खोलीप्रमाणे स्थानिक वनस्पती लावल्या: पाण्याखाली गाद, पृष्ठभागावर पानं पसरणारा चौरा, काठाला देवधान.

कुठल्या वनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो, हे ज्ञान त्यांच्याकडे आधीपासून होतं. त्यात बायकांचा वाटा मोठा आहे, कारण काठच्या पाण्यातली लहान मासळी आणि रानभाजी तेच हात गोळा करतात.

यात पुढच्या पिढीचा प्रश्न कुठे येतो?

ठेका काही वर्षांचा असतो, तलाव सुधारायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. उद्या ठेका दुसऱ्याला गेला तर आज कोणी वनस्पती का लावाव्यात?

२००६ च्या वनहक्क कायद्यात याचं एक उत्तर आहे. वनक्षेत्रातल्या पाणवठ्यांवरचे मासे आणि इतर उपज यांवर गावांना सामूहिक हक्क मागता येतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये जंगलावरचा असा सामूहिक हक्क मिळवला. पण महाराष्ट्रात ढिवर हे अनुसूचित जमातीत नाहीत, भटक्या जमातीत मोडतात. त्यामुळे त्यांना २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं.

मागच्या तीन पिढ्यांचा पुरावा हातात आला, तर पुढच्या पिढीला दरवर्षी बीज विकत घ्यावं लागणार नाही असा तलाव राखता येईल.