सवय नेमकी कशाला होते?

रातपाळीबद्दलचे बहुतेक गैरसमज एकाच वाक्यातून निघतात : "पहिले दोन महिने जड जातात, मग सवय होते." पापाटोएटोच्या एका अंगाला ऑकलंडचा चोवीस तास जागा असणारा विमानतळ आहे, दुसऱ्या अंगाला मिडलमोर हॉस्पिटल. इथल्या मोठ्या भारतीय वस्तीत या वाक्याला गिऱ्हाईक भरपूर. ते वाक्य साफ खोटंही नाही. सवय होते, पण मनाला आणि घरच्यांना. झोप, शरीराचं तापमान, साखर पचवण्याची ताकद यांचं वेळापत्रक मेंदूतलं एक इवलंसं केंद्र सांभाळतं आणि ते आपलं घड्याळ लावतं डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून. कायम रातपाळी करणाऱ्यांच्या मेलाटोनिनवरचे (शरीराला रात्र झाल्याचं सांगणाऱ्या संप्रेरकावरचे) अभ्यास सायमन फोकार्ड यांनी २००८ साली एकत्र तपासले, तेव्हा ज्यांचं चक्र पुरतं उलटलं होतं अशी माणसं शंभरात तीनही भरली नाहीत.

सकाळी सातला पाळी सुटते. डिसेंबरात इथे सहाच्या सुमारास उजाडतं, आणि विमानतळाकडून पुहिनुई रोडने घरी येणारी गाडी पूर्वेकडेच तोंड करून येते. ऊन थेट डोळ्यांत. झोपायला निघालेल्या माणसाच्या मेंदूला निरोप मिळतो की दिवस सुरू झाला. (जूनमध्ये सूर्य साडेसातला उगवतो, म्हणून हिवाळा त्या मानाने दयाळू.) शिवाय सुट्टीच्या दिवशी मुलं, बाजार, पाहुणे घड्याळाला पुन्हा दिवसाकडे ओढतात. याच वाटेवर दुसरा गैरसमज भेटतो : डोळे उघडे आहेत, म्हणजे गाडी नीट चालते. डॉसन आणि रीड यांनी १९९७ मध्ये दाखवलं की सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात-डोळे रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखे चालतात. न्यूझीलंडमध्ये प्रौढ चालकासाठी कायद्याची मर्यादा नेमकी तेवढीच आहे. दुपारी दोनला उठून कामावर गेलेला माणूस सकाळी सातला बरोबर तिथे पोचलेला असतो.

"दिवसा झोप भरून काढली की हिशेब मिटला," असंही म्हणतात. मिटत नाही. दिवसाची झोप बहुधा तोकडी आणि तुटक असते, आणि डब्याचा प्रश्न उरतोच. बॉस्टनमध्ये १९ जणांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, रातपाळीसारख्या दिनक्रमात रात्रीही जेवणाऱ्यांची सरासरी साखर ६.४ टक्क्यांनी वाढली. फक्त दिवसा जेवणाऱ्यांची तशी वाढली नाही. प्रयोग लहान होता, हा आक्षेप रास्त. पण मधुमेहाकडे आधीच झुकलेल्या भारतीय शरीराने पहाटे दोनला भात-आमटीचा डबा उघडण्याऐवजी पोटभर जेवण पाळीआधी उरकावं, एवढं त्यावरून म्हणता येतं. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर हा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.

उलट बाजूचा गैरसमज म्हणजे रातपाळीने कॅन्सर होतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये तिला 'बहुधा कॅन्सरकारक' गटात ठेवलं. हा गट पुराव्याची ताकद सांगतो, धोक्याचा आकार सांगत नाही. लाल मांसही त्याच गटात आहे. हृदयाचा पुरावा मला जास्त वजनदार वाटतो : २०१२ च्या एका मोठ्या आढाव्यात पाळ्यांत काम करणाऱ्यांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी अधिक आढळलं. यावर कोणीतरी तीस वर्षं रात्री जागूनही ठणठणीत असलेल्या काकांचं उदाहरण देतंच. ज्यांना झेपलं नाही ते कधीच दिवसपाळीत किंवा घरी गेले. कामावर दिसतात ते टिकलेले. म्हणून काका खरे असले तरी पुरावा म्हणून अपुरे.

मग नोकरी सोडायची का? हॉस्पिटल रात्री बंद ठेवता येत नाही, आणि घराचा हप्ताही थांबत नाही. पण थकवा हा कामगाराच्या दमाचा खाजगी मामला आहे, हे इथल्या कायद्यालाही मान्य नाही : २०१५ च्या कामाच्या ठिकाणच्या आरोग्य व सुरक्षा कायद्यानुसार त्यातून उद्भवणारा धोका आवरण्याची जबाबदारी मालकावरही येते. तेव्हा रोस्टर हातात आलं की सलग रात्री किती, दोन पाळ्यांत अंतर किती, आणि पाळी सकाळ-दुपार-रात्र अशी पुढे सरकते की उलटी, हे मॅनेजरला विचारणं म्हणजे कुरकुर नव्हे.