एकदाच तर टाकायची असते!

ऑपरेटिंग सिस्टिम एकदाच टाकायची असते. अंध माणसाला ती कुणीतरी डोळस टाकून देईल, पुढे पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर आहेच. हा समज इतका सोयीचा आहे की तो तपासून पाहावा असं सहसा कुणाला वाटत नाही. पण इन्स्टॉलर विचारतो काय? पासवर्ड काय ठेवायचा, डिस्क एन्क्रिप्ट करायची का, कोणतं पार्टिशन पुसायचं. मदतनिसाच्या हाती इथे घराच्या किल्ल्याच जातात. शिवाय हे काम ‘एकदाच’ होत नाही. डिस्क बिघडते, संगणक बदलतो, अपडेटनंतर मशीन सुरूच होईनासं होतं. आणि मदतनीस स्क्रीन रीडर बसवायला विसरला, तर नवी सिस्टिम सुरू होते तीही मुकीच.

दुसरा समज असा की अंधांसाठी वेगळी आवृत्ती काढावी लागते. डेबियन या लिनक्स प्रणालीनं तो खोटा ठरवला आहे. २०१३ मध्ये आलेल्या डेबियन ७ पासून नेहमीचाच इन्स्टॉलर बोलू शकतो. बूट मेनू तयार झाला की बीप वाजतो, संगणकाचं फर्मवेअर जुनं बायोस असेल तर एकदा आणि यूईएफआय असेल तर दोनदा. मग ‘एस’ आणि एंटर दाबलं की ईस्पीक या मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा आवाज सुरू होतो. साउंड कार्डं अनेक असतील तर ज्या कार्डावरून आवाज ऐकू येईल तिथे एंटर दाबायचं. पुढचे पर्याय क्रमांक घालून वाचले जातात, उत्तर म्हणून आकडा टाइप करायचा. यूएसबी ब्रेल डिस्प्ले जोडलेला असेल तर इन्स्टॉलर तो आपणहून ओळखतो. सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे हा आवाज बसवलेल्या सिस्टिममध्येही आपोआप येतो. वेगळी आवृत्ती काढली असती तर ती सांभाळायला वेगळी माणसं लागली असती, आणि ती थकली की आवृत्तीही मागे पडली असती.

मोजक्या लोकांसाठी सगळ्यांवर हा भार कशाला, असा आक्षेप येतो. पण भार फारसा नाहीच. ईस्पीक माणसाच्या ध्वनिमुद्रणातून बोलत नाही, गणितानं आवाज घडवतं. म्हणून ते अवघ्या काही मेगाबाइटमध्ये मावतं. आवाज यंत्रासारखा लागतो हे खरं, पण वेग बराच वाढवला तरी सरावलेल्या कानाला तो कळतो. डोळस माणसाला यापायी सोसावी लागते ती मेनूतली एक जादा ओळ.

स्क्रीन रीडर पडदा ‘पाहतो’, हाही गैरसमजच. त्याला मजकूर आणि बटणांची नावं प्रोग्रॅमनंच पुरवावी लागतात. पार्टिशनचा नुसता रंगीत पट्टा काढून ठेवला तर वाचण्याजोगं त्यात काहीच नसतं. म्हणून डेबियनमध्ये बोलणारा इन्स्टॉलर मजकुरी रूपातच चालतो. एक अडचण मात्र उरते. पेनड्राइव्हवरून बूट होण्यासाठी क्रम बदलायचा तर फर्मवेअरच्या मेनूत शिरावं लागतं, आणि तो बहुतेक संगणकांवर मुका असतो. इन्स्टॉलर तेव्हा सुरूच झालेला नसतो. तिथे आवाज घालणं मदरबोर्ड आणि संगणक बनवणाऱ्यांच्याच हातात आहे.